वास गेलाय? लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी हुंगून तो परत येतो का?

फोडणी करपते, पण कुणीतरी बाहेरून ओरडेपर्यंत कळत नाही. दूध नासलंय, हे घोट घेतल्यावर समजतं. हापूस कापला तर तो गोड लागतो, पण 'हापूस' लागत नाही.

सर्दी-ताप, फ्लू किंवा कोव्हिड बरा होऊन कित्येक महिने उलटले, तरी काही जणांचा वास परत आलेला नसतो. रिपोर्ट नॉर्मल असतात आणि घरच्यांच्या लेखी माणूस ठणठणीत असतो. "नाक चोंदलं असेल, होईल बरं," एवढ्यावर विषय संपतो.

मग मोबाइलवर शोधाशोध सुरू होते. त्यात संत्रं सापडतं. कोव्हिडच्या काळात जगभर व्हायरल झालेल्या व्हीडिओंमध्ये लोक अख्खं संत्रं गॅसवर काळं होईपर्यंत भाजायचे आणि त्याचा गर ब्राऊन शुगर घालून खायचे. वास परत येतो, असा दावा होता. शिवाय नाकात घालायची तेलं, वाफ, काढे आणि गोळ्याही होत्या.

या सगळ्या गर्दीत एक अगदी साधा सल्लाही असतो. चार ठरलेले वास घ्यायचे, दिवसातून दोनदा, प्रत्येकी साधारण २० सेकंद लक्ष देऊन हुंगायचे आणि हे काही महिने चालू ठेवायचं. याला 'स्मेल ट्रेनिंग' म्हणतात. बाकीच्या उपायांपेक्षा हा वेगळा आहे, कारण कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटांनी आपल्या शिफारशींमध्ये त्याला जागा दिली आहे.

पण त्याने खरंच फरक पडतो का? थोडक्यात उत्तर असं: काहींना पडतो, काही प्रमाणात पडतो आणि लवकर सुरू केलं तर शक्यता वाढते. हे उत्तर इतकं सावध का आहे, ते समजून घेऊ. कारण त्याच हिशोबाने पुढच्या वेळी दिसणारं रीलही तपासता येईल.

वास येतो कसा आणि जातो कसा?

नाकपुडीतून आत गेलेली हवा नाकाच्या अगदी वरच्या भागात, दोन डोळ्यांच्या मधोमध असलेल्या एका छोट्या पडद्यापर्यंत पोहोचते. या पडद्यात वास ओळखणाऱ्या चेतापेशी असतात. त्यांच्यावर गंधाचे रेणू पकडणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर असतात. माणसात त्यांचे जवळपास ४०० प्रकार आहेत. रिचर्ड अ‍ॅक्सल आणि लिंडा बक या शास्त्रज्ञांना या ग्राहकांच्या शोधासाठी २००४ चं नोबेल मिळालं.

एका वासासाठी एकच ग्राहक, असा हा मामला नाही. मोजकी अक्षरं जुळवून हजारो शब्द होतात, तसे हे ४०० ग्राहक वेगवेगळ्या जुळण्या करतात आणि मेंदू ती जुळणी वाचून "ही चमेली" किंवा "हे करपलंय" असं ठरवतो.

साध्या सर्दीत वास जातो, तेव्हा बहुतेक वेळा वाट बंद झालेली असते. नाक चोंदतं, हवा वरपर्यंत पोहोचत नाही. सर्दी गेली की वास परत येतो. पण काही विषाणू त्या पडद्यालाच इजा करतात. मग नाक मोकळं असूनही वास येत नाही. हा प्रकार कोव्हिडच्या खूप आधीपासून डॉक्टरांना माहीत होता. फ्लू आणि सर्दीच्या इतर विषाणूंनंतरही तो होतो. कोव्हिडने तो घरोघरी पोहोचवला.

मार्च २०२० मध्ये ब्रिटनमधल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने वास जाणं हे कोव्हिडचं लक्षण असू शकतं, असा इशारा दिला. भारतात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १३ जून २०२० रोजी वास आणि चव जाणं हे लक्षणांच्या यादीत घातलं.

विषाणू नेमका कुठे घाव घालतो, याचं एक महत्त्वाचं उत्तर त्याच वर्षी हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी दिलं. कोव्हिडच्या विषाणूला पेशीत शिरायला 'एसीई-२' नावाचं दार लागतं. वास ओळखणाऱ्या चेतापेशींवर ते दार जवळपास नसतंच. ते असतं त्यांच्या शेजारच्या आधारपेशींवर. म्हणजे तार शाबूत, पण तिला धरून ठेवणारे खांबच कोसळले, असं काहीसं होतं. खांब पुन्हा उभे राहिले की बहुतेकांचा वास परत येतो.

काहींचा मात्र येत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात २४ जणांच्या नाकातल्या या पडद्याचे नमुने तपासले गेले. त्यातल्या ९ जणांना कोव्हिडनंतर दीर्घकाळ वास येत नव्हता. त्यांच्या पडद्यात विषाणू सापडला नाही, पण रोगप्रतिकारक पेशींचा दाह चालूच होता आणि वास ओळखणाऱ्या चेतापेशी कमी झाल्या होत्या.

यातली आशादायक गोष्ट अशी की या चेतापेशी आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात. शरीरातल्या बहुतेक चेतापेशींना हे जमत नाही. पण नव्या पेशीला वाढून, हाडाच्या बारीक छिद्रांतून मेंदूपर्यंत धागा नेऊन योग्य ठिकाणी जोडून घ्यावं लागतं. त्याला वेळ लागतो आणि कधी जोडणी चुकतेही.

किती जणांचा वास आपोआप परत येतो?

स्मेल ट्रेनिंगबद्दल काहीही ठरवण्याआधी हा आकडा माहीत हवा.

ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०२२ मध्ये १८ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात साडेतीन हजारांहून अधिक कोव्हिड रुग्णांची माहिती होती. त्यानुसार वास गेलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के लोकांचा वास ३० दिवसांत परत आला. ९० दिवसांत हे प्रमाण ९० टक्क्यांवर आणि १८० दिवसांत ९६ टक्क्यांच्या आसपास गेलं. साधारण ५ ते ६ टक्के लोकांचा त्रास दीर्घकाळ टिकू शकतो, असा त्यांचा अंदाज होता.

५ टक्के म्हणजे थोडेच, असं वाटेल. पण भारतात अधिकृत नोंद झालेले कोव्हिड रुग्णच साडेचार कोटींच्या घरात आहेत. सगळ्यांचा वास गेला नव्हता, हे खरं. ओमायक्रॉनच्या लाटेत तर हे लक्षण बरंच कमी झालं. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अ‍ॅप-आधारित अभ्यासात डेल्टाच्या काळात ५२.७ टक्के लोकांनी वास गेल्याचं सांगितलं होतं, ओमायक्रॉनच्या काळात १६.७ टक्के लोकांनी. तरीही इतक्या मोठ्या संख्येतला छोटासा हिस्साही लाखांत जातो.

शिवाय वास कमी झालाय, हे माणसाला स्वतःला कळतंच असं नाही. पुण्याच्या 'आयसर'मधल्या संशोधकांनी २०२० मध्ये यंत्राने मोजून वास देण्याची पद्धत वापरून लक्षणं नसलेल्या कोव्हिडबाधितांची तपासणी केली. ज्यांना आपल्याला काहीच झालेलं नाही असं वाटत होतं, अशा अनेकांची वास ओळखण्याची क्षमता प्रत्यक्षात घटलेली होती. लोकांना फक्त विचारून मिळालेले आकडे जरा जपूनच वाचायला हवेत, ते यासाठी.

आता रीलवाल्या संत्र्याचा हिशोब करू

समजा, वास गेलेल्या १०० जणांनी पहिल्याच दिवशी भाजलेलं संत्रं खाल्लं. वरच्या आकड्यांनुसार महिनाभरात त्यातल्या ७४ जणांना वास येऊ लागेल आणि तीन महिन्यांत ९० जणांना. संत्रं खाल्लं नसतं तरी हेच झालं असतं.

पण या ९० जणांपैकी काही जण मनापासून सांगतील की संत्र्याने गुण आला. ते खोटं बोलत नसतात. त्यांना खरोखर तसं वाटत असतं. उरलेले १० जण मात्र "मी संत्रं खाल्लं आणि काहीच झालं नाही" असं रील बनवत नाहीत, आणि बनवलंच तर ते कोण शेअर करणार?

आपोआप बऱ्या होणाऱ्या आजारात प्रत्येक उपाय यशस्वी दिसतो. स्मेल ट्रेनिंगही या नियमाला अपवाद नाही. म्हणूनच "माझ्या मावशीला फरक पडला" याने काही सिद्ध होत नाही. उपाय करणारे आणि न करणारे यांची तुलना लागते.

वास 'शिकवायची' कल्पना आली कुठून?

अँड्रोस्टेनोन नावाचा एक पदार्थ आहे. माणसाच्या घामात तो सापडतो. गंमत म्हणजे बऱ्याच लोकांना त्याचा वास अजिबात येत नाही. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरमधल्या संशोधकांनी असा वास न येणाऱ्या २० जणांना तो रोज तीन वेळा, सहा आठवडे हुंगायला लावला. त्यातल्या १० जणांना तो वास येऊ लागला. सवयीने नाकाची, किंवा नाक आणि मेंदू दोन्हींची, क्षमता बदलू शकते असा त्याचा अर्थ होता.

पुढे जर्मनीतल्या ड्रेस्डेन विद्यापीठातले थॉमस हुमेल यांनी ही कल्पना रुग्णांवर वापरली. २००९ मध्ये त्यांच्या गटाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ४० रुग्णांनी १२ आठवडे, दिवसातून दोनदा चार तीव्र वास हुंगले. १६ रुग्णांनी काहीच केलं नाही. सराव करणाऱ्या गटाचे चाचणीतले गुण वाढले, दुसऱ्या गटाचे जवळपास तिथेच राहिले.

ते चार वास होते गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग. ही निवड अशीच केलेली नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हान्स हेनिंग या जर्मन मानसशास्त्रज्ञाने वासांचे काही मूळ गट मांडले होते. त्यातल्या फुलांच्या, राळेसारख्या, फळांच्या आणि मसाल्यांच्या गटातून एकेक वास घेतला गेला.

दिवसातून दोनदा म्हणजे नेमकं काय करायचं?

सामान साधं आहे. घट्ट झाकणाच्या चार छोट्या काचेच्या बाटल्या आणि कापूस. प्रत्येक बाटलीत कापसाचा बोळा ठेवून त्यावर एकेका तेलाचे काही थेंब टाकायचे आणि बाटलीवर नाव लिहायचं. लवंग तेल आणि निलगिरी तेल औषधाच्या दुकानात मिळतं. गुलाबासाठी गुलाबपाण्यापेक्षा अत्तर किंवा तेल बरं, कारण गुलाबपाण्याचा वास फार हलका असतो. तेलं नसतील तर कुटलेली लवंग आणि लिंबाची ताजी साल घेऊनही सुरुवात करता येते.

सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपण्याआधी, शांत जागी बसून हा सराव करायचा.

• एक बाटली उघडून नाकाजवळ धरायची, पण नाकाला टेकवायची नाही.
• साधारण २० सेकंद हलके, छोटे-छोटे श्वास घेत हुंगायचं. जोरात ओढायचं नाही.
• हुंगताना त्या वासाची आठवण काढायची. लवंग असेल तर मसालेभात, लिंबू असेल तर उन्हाळ्यातलं सरबत.
• थोडा वेळ थांबून पुढची बाटली घ्यायची.
• काहीच वास आला नाही तरी चारही बाटल्या पूर्ण करायच्या.

पूर्ण सरावाला पाच मिनिटं पुरतात. किमान तीन महिने आणि शक्य असेल तर सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ तो करावा, असं तज्ज्ञ सांगतात. तुर्कस्तानातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दर १२ आठवड्यांनी चारही वास बदलून पाहिले, तेव्हा निकाल आणखी चांगले आले. तेलांचा वास उडून जातो, त्यामुळे बोळे अधूनमधून बदलायचे. बदललेत का, हे घरातल्या वास येणाऱ्या माणसाकडून तपासून घ्यायचं.

तेल नाकात घालायचं नाही. प्यायचं तर मुळीच नाही. निलगिरीचं तेल पोटात गेलं तर लहान मुलांना त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते, म्हणून बाटल्या त्यांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. दमा असेल किंवा उग्र वासाने त्रास होत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

"पण विक्सचा वास येतो की मला!"

वास गेलेले अनेक जण असं सांगतात. विक्स, कापूर, अमृतांजन हे नाकाजवळ नेलं की काहीतरी जाणवतं, मग वास पूर्ण गेलेला नाही असं वाटतं.

प्रत्यक्षात चेहऱ्याची स्पर्श-वेदना सांगणारी वेगळी नस त्यातला गारवा किंवा झणझण टिपते. कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी येतं, ते हीच नस सांगते. निलगिरीतही थोडा असा गारवा असतो. त्यामुळे फक्त गार वाटलं, म्हणजे वास आला असं समजू नका. गुलाबात असा गारवा नसतो, म्हणून स्वतःची प्रगती पाहायला तो जास्त उपयोगी.

इथे आणखी एक गल्लत होते. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीची पुरचुंडी हुंगली की रक्तातला ऑक्सिजन वाढतो, असा मेसेज घरोघरी फिरला होता. त्या दाव्याला कोणताही आधार नव्हता. स्मेल ट्रेनिंगमध्येही लवंग आणि निलगिरी आहे, म्हणून "बघा, पुरचुंडी बरोबरच होती" असं म्हणता येत नाही. इथे लवंग औषध म्हणून वापरलेली नाही. ती सरावाचं साधन आहे. लवंगेऐवजी दालचिनी चालते, गुलाबाऐवजी मोगरा चालतो. फरक पडलाच, तर तो सरावाने पडतो.

आकडे काय सांगतात?

२००९ च्या अभ्यासात एक उणीव होती. आपण उपाय करतोय की नाही, हे प्रत्येक रुग्णाला माहीत होतं. त्याने निकालावर परिणाम होऊ शकतो.

ती उणीव भरून काढायचा प्रयत्न जर्मनीतल्या अनेक रुग्णालयांनी मिळून केला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात विषाणू संसर्गानंतर वास गेलेले १४४ रुग्ण होते. सगळ्यांना बाटल्या दिल्या. फरक इतकाच की एका गटाच्या बाटल्यांमध्ये वास तीव्र होता आणि दुसऱ्याच्या बाटल्यांमध्ये अगदी पुसट.

१८ आठवड्यांनंतर तीव्र वासाच्या गटातल्या २६ टक्के लोकांमध्ये सुधारणा दिसली आणि पुसट वासाच्या गटात १५ टक्के लोकांमध्ये. फरक आहे, पण डोळे दिपवणारा नाही. तीव्र वासाचा सराव करूनही चारपैकी जवळपास तिघांमध्ये त्या काळात ठरलेल्या मापाइतकी सुधारणा झाली नाही.

मग वास जाऊन वर्षही झालेलं नाही, अशा रुग्णांचे आकडे वेगळे काढले. त्यात तीव्र वासाच्या गटातले ६३ टक्के लोक सुधारले, पुसट वासाच्या गटातले १९ टक्के. "लवकर सुरू करा" हा सल्ला मुख्यतः इथून येतो. अर्थात हे गट लहान होते, २४ आणि ३१ जणांचे. त्यामुळे ६३ टक्के हा आकडा दगडावरची रेघ समजू नये.

कोव्हिडनंतरच्या रुग्णांबद्दल पुरावा आणखी तोकडा आहे. वैद्यकीय पुरावे कठोरपणे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये, कोव्हिडनंतर वास न येणाऱ्यांवरच्या उपचारांचा आढावा घेतला. त्यांच्या निकषांत बसणाऱ्या फक्त दोन चाचण्या सापडल्या आणि दोन्ही मिळून रुग्ण होते ३०. एवढ्यावरून कोणत्याच उपायाबद्दल ठामपणे सांगता येत नाही, असा निष्कर्ष निघाला.

मग डॉक्टर हाच उपाय का सांगतात?

कारण उपाय निवडताना तो किती गुणकारी आहे, एवढंच पाहून चालत नाही. चुकला तर काय होईल, हेही पाहावं लागतं.

स्मेल ट्रेनिंगचा खर्च काही शे रुपये. नीट केलं तर धोका जवळपास नाही. गुण आला तर फायदा मोठा आणि नाही आला तर गेली ती रोजची दहा मिनिटं. पुरावा मध्यम असला तरी हा सौदा परवडतो.

आता दुसऱ्या बाजूचे पर्याय पाहा. नाकात घालायच्या जस्ताच्या औषधांचं उदाहरण बोलकं आहे. अमेरिकेत 'झायकॅम' या ब्रँडची सर्दीवरची जस्तयुक्त नाकातली औषधं मिळत होती. त्यांच्या वापरानंतर वास गेल्याच्या तक्रारी येत गेल्या आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ती वापरू नका, असं लोकांना सांगितलं. नाकात काहीही घालताना ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

स्टेरॉइडच्या गोळ्यांचंही तसंच. काही रुग्णांना डॉक्टर तपासून त्या देतात. पण विषाणूनंतर गेलेल्या वासासाठी त्यांचा फायदा पक्का नाही आणि दुष्परिणाम मात्र माहीत आहेत. २०२१ मध्ये महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचा, म्हणजे लोकांच्या भाषेत काळ्या बुरशीचा, उद्रेक पाहिला आहे. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा वापर ही त्यामागची प्रमुख कारणं होती. कुणाच्या तरी जुन्या चिठ्ठीवर स्टेरॉइड घेणं म्हणजे वास परत मिळवायच्या नादात भलतंच दुखणं ओढवून घेणं.

वास परत आला, पण घाणेरडा आला तर?

काहींच्या बाबतीत विचित्र प्रकार होतो. दोन-तीन महिन्यांनी वास परत येतो, पण चुकीचा. कॉफीला जळक्या रबराचा वास येतो. कांदा-लसणाची फोडणी नकोशी होते. अंडं, मटण, टूथपेस्ट काहीच सहन होत नाही. याला 'पॅरोस्मिया' म्हणतात.

मराठी घरात याचा अर्थ काय, याचा विचार करा. जवळपास प्रत्येक भाजी कांदा, लसूण आणि खमंग फोडणीने सुरू होते. नेमक्या याच गोष्टी त्रास देतात. माणूस जेवणाच्या ताटावरून उठतो आणि घरच्यांना वाटतं, नखरे चाललेत.

ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये कॉफीतले असे त्रासदायक रेणू शोधून काढले. त्यातले अनेक गंधकयुक्त होते आणि अगदी सूक्ष्म प्रमाणातही जाणवणारे होते. पदार्थ भाजताना-परतताना असे रेणू तयार होतात. म्हणजे हा मनाचा खेळ नाही. त्यामागे रसायनशास्त्र आहे.

अनेक तज्ज्ञ पॅरोस्मियाकडे बरं होण्याच्या वाटेवरचा टप्पा म्हणून पाहतात, कारण तुटलेली जोडणी पुन्हा होऊ लागल्याची ती खूण असू शकते. तोवर खाण्यात बदल केला की जेवण जातं. दहीभात, काकडी, पेज, फळं असे थंड किंवा कोमट, कमी भाजलेले पदार्थ अनेकांना सोसतात. स्मेल ट्रेनिंगही चालू ठेवता येतं. एखादा वास अगदीच असह्य असेल, तर तेवढा बदलायचा.

वास नसताना घरात काय सांभाळायचं?

घरगुती गॅसला स्वतःचा वास जवळपास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम इथाइल मरकॅप्टन हा उग्र वासाचा पदार्थ मिसळतात. म्हणजे ही सगळी सुरक्षा व्यवस्था तुमच्या नाकावर उभी आहे. नाकच काम करत नसेल तर गॅस गळतीची सूचना देणारा छोटा अलार्म बसवा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो. म्हणून अलार्म खाली, जमिनीजवळ लागतो. झोपताना आणि बाहेर पडताना रेग्युलेटर बंद करायची सवय लावा. एलपीजी गळतीसाठीचा आपत्कालीन क्रमांक १९०६ आहे. तो फ्रिजवर चिकटवून ठेवा.

उरलेल्या अन्नाच्या डब्यावर तारीख लिहा. नासलंय का, हे दुसऱ्याला विचारण्यात कमीपणा नाही.

आणि चवीचं काय? जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच कळतं. बाकीची सगळी 'चव' घशामागून नाकात जाणाऱ्या वासाची असते. वास गेला की जेवण बेचव होतं ते यामुळे. मग कुणी मीठ-साखर वाढवत नेतं. रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांसाठी हे घातक. त्यापेक्षा लिंबू, कोशिंबिरीचा कुरकुरीतपणा, थोडा तिखटपणा यांनी जेवणात जान येते, कारण आंबटपणा, कुरकुर आणि तिखटाची जळजळ यांना नाकाची गरज लागत नाही.

मनावर होणारा परिणामही खरा आहे. स्वतःच्या घामाचा वास येत नाही म्हणून लोकांत मिसळायला संकोच वाटतो. बाळाच्या टाळूचा वास येत नाही याचं दुःख कुणाला सांगताही येत नाही. वास गेलेल्यांमध्ये उदासी वाढते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. घरातल्या कुणी हे सांगितलं तर "एवढं काय त्यात" म्हणू नका.

डॉक्टरकडे कधी जायचं?

संसर्ग बरा होऊन काही आठवडे झाले आणि वास आला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना एकदा दाखवा. नाकातले कोंब, म्हणजे पॉलिप, सायनसचा जुना त्रास, अ‍ॅलर्जी अशी कारणं असतील तर त्यांवर वेगळे उपचार आहेत. तिथे नुसत्या बाटल्या हुंगत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

काही बाबतीत थांबूच नका. वास फक्त एकाच नाकपुडीतून जाणं, नाकातून वारंवार रक्त येणं, सोबत तीव्र डोकेदुखी किंवा दृष्टीत बदल, डोक्याला मार लागल्यानंतर वास जाणं, ही सगळी लगेच तपासायची लक्षणं आहेत. सर्दी-ताप काहीच न होता हळूहळू वास कमी होत गेला, तरीही दाखवा. पार्किन्सनसारख्या आजारात वास कमी होणं हे हातांच्या थरथरीच्या कितीतरी आधी दिसू शकतं. प्रत्येकाला तसंच असेल असं नाही, पण तपासलेलं बरं.

सुरू करायचं ठरवलंत, तर

आजच एका वहीत चारही वासांसमोर ० ते १० पैकी एक आकडा लिहा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे पूर्वीसारखा. मग रोज नाही, आठवड्यातून एकदाच लिहा. सुधारणा इतकी हळू होते की रोज पाहिलं तर काहीच दिसत नाही आणि बरेच जण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सोडून देतात. १२ आठवड्यांनी पहिलं पान आणि शेवटचं पान शेजारी ठेवून बघा. आकडे सरकले असतील तर वास बदलून पुढचे १२ आठवडे करा. सरकले नसतील तर ती वही घेऊन तज्ज्ञांकडे जा. "काही फरक नाही" या तीन शब्दांपेक्षा त्या नोंदींवरून त्यांना जास्त कळेल.

आणि मधल्या काळात कुणी "सात दिवसांत वास परत" असं रील पाठवलंच, तर त्याखाली तीन प्रश्न विचारा. वास जाऊन किती दिवस झाले होते? हे न करणाऱ्यांचं काय झालं? आणि यात नाकात किंवा पोटात काय जातंय? उत्तर आलं नाही, तर ते रील पुढे पाठवू नका.